पत्ता देऊन भागत नाही

दारूच्या आहारी गेलेल्या माणसाला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे सभासद ज्याला नुसते ‘एए’ म्हणतात त्या संघटनेचा पत्ता मिळवून देणे निदान शहरांत तरी अवघड राहिलेले नाही. फॅमिली डॉक्टर देतात, व्यसनमुक्ती केंद्रातून घरी सोडताना देतात, एखादा मेहुणा मोबाइलवर पाठवतो. चिठ्ठी खिशात जाते आणि बऱ्याचदा तिथेच राहते. मग घरचे म्हणतात, ‘त्याला सुधारायचेच नाही.’ हा निष्कर्ष घाईचा आहे आणि अन्यायाचाही.

सिसन आणि मॅलम्स या अमेरिकी संशोधकांनी १९८१ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. उपचारासाठी आलेल्या २० जणांचे दोन गट पाडले. एका गटाला एएची माहिती, मीटिंगची जागा आणि वेळ सांगितली, जाण्याचा आग्रहही केला. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकासाठी समुपदेशकाने त्याच्यासमोरच एएच्या एका सभासदाला फोन लावला, दोघांचे बोलणे करून दिले आणि तो सभासद त्याला सोबत घेऊन जाईल असे ठरवून टाकले. पहिल्या गटातले एकूण एक जण घरी राहिले. दुसऱ्या गटातले सगळे गेले.

२० माणसांवरून जगाचा नियम काढता येत नाही, हे खरे. पण पत्ता हातात असणे आणि त्या दारातून आत जाणे यांत किती अंतर असते, ते यापेक्षा स्पष्ट कोणी दाखवलेले नाही. ते अंतर रुग्णाने एकट्याने तोडावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. ज्याचे हात सकाळी थरथरतात, ज्याने मुलांच्या शपथा घेऊन मोडल्या आहेत, त्याने एका संध्याकाळी घराबाहेर पडून, वाटेतला बार ओलांडून, अनोळखी लोकांत जाऊन बसायचे असते.

एएचा जन्मही पत्त्यातून झाला नाही, सोबतीतून झाला. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन ओहायोतल्या ॲक्रन गावी फसलेल्या व्यवहारानंतर हॉटेलात एकटा उरला होता. दारू सोडून काही महिने झाले होते आणि हॉटेलचा बार समोर दिसत होता. त्याने धर्मगुरूंना फोन लावायला सुरुवात केली. त्याला हवा होता बोलायला दुसरा एक दारुडा. त्यातून शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ यांची गाठ पडली. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबणार नाही असे बजावून आलेले डॉक्टर कित्येक तास बोलत बसले. भारतात एए आले ते १९५७ साली.

मीटिंगमध्ये वरवर पाहता फार थोडे घडते. शाळेचा वर्ग किंवा चर्चचे दालन, खुर्च्या, चहा. बोलणारा फक्त पहिले नाव सांगतो, आपण अल्कोहोलिक असल्याचे सांगतो आणि आपली हकीकत मांडतो. याला ‘शेअरिंग’ म्हणतात. मध्ये कोणी टोकत नाही. नवा माणूस गप्प राहिला तरी चालते. फी नाही. सभासदच वर्गणी काढून खर्च भागवतात, बाहेरची देणगी घेत नाहीत. सभासदत्वाची अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. ‘ओपन’ मीटिंगला बायको, भाऊ, मित्र कोणीही येऊ शकतो, म्हणून पहिल्या खेपेला ती बरी. आणि तिथे बसल्यावर, स्कूटरच्या डिकीत लपवलेली क्वार्टर, ‘सोमवारपासून बंद’, पगाराच्या दिवशी घरी न पोचणे, हे सगळे दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येते. सांगणारा मात्र शुद्धीत असतो. हे डॉक्टर देऊ शकत नाही, आईही देऊ शकत नाही.

उपयोग होतो का? २०२० मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसे तपासली गेली. सातत्याने दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत एएशी जोडून देणारे पद्धतशीर उपचार इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. ‘जोडून देणारे’ हा शब्द इथे निसटू देता कामा नये. नुसता पत्ता देण्याला हा आढावा लागू होत नाही.

महाराष्ट्रात हे जोडणे मुक्तांगणने करून दाखवले आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या या केंद्रात स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे कार्यकर्ते झाली. पण अशी केंद्रे पुरी पडणारी नाहीत. केंद्र सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूचे अवलंबित्व असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो.

एक धोका मात्र स्पष्ट सांगायला हवा. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर पहिल्या काही दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. त्यावर उपचार डॉक्टरांचाच. मीटिंग हा त्याला पर्याय नाही.

स्त्रियांची वाट आणखी बिकट. पिणाऱ्या बाईला पुरुषांनी भरलेल्या खोलीत जायचे असते, आणि घरचे तिला तिथे पोचवण्याऐवजी लपवतात. एएच्या कार्यक्रमातला देवाचा उल्लेख खटकणारेही पुष्कळ असतात. त्यांना आधी सांगावे की तो देव ज्याने त्याने आपापल्या समजुतीने मानायचा आहे. तरी पटले नाही तर दुसरा गट, दुसरा समुपदेशक शोधून द्यावा. एका खोलीत मन रमले नाही म्हणजे दारू सुटणार नाही, असे नाही.

म्हणून मागणी डॉक्टरांकडे, समुपदेशकांकडे आणि केंद्रांकडे आहे. आपल्या भागातल्या दोन-तीन सभासदांचे फोन, त्यांच्या संमतीने, जवळ ठेवावेत. रुग्ण समोर बसलेला असतानाच फोन लावावा, आजची किंवा उद्याची मीटिंग ठरवावी, कोण कुठे भेटणार ते नक्की करावे. असा सभासद माहीत नसेल तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनपासून सुरुवात करता येते. नवऱ्याने नकारच दिला, तर बायकोला अल-ॲनॉनचे नाव सांगावे. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठीची ही संघटना १९५१ पासून काम करते आहे, आणि तिथे जायला नवऱ्याच्या होकाराची गरज नसते.