कर्मभूमी आणि कुलधर्म : परमुलखात वाढणाऱ्या मुलांचा प्रश्न

मूल ज्या भूमीत वाढते त्या भूमीशी त्याच्या धर्माचे नाते कोणते, हा प्रश्न देशांतर करणाऱ्या प्रत्येक कुटुंबापुढे उभा राहतो. परंतु शांघाय, ग्वांगझो, शेन्झेन किंवा यिवू या शहरांत नोकरी-व्यापारासाठी राहून तिथेच लहान मुले वाढवणाऱ्या मराठी कुटुंबांच्या बाबतीत तो अधिक टोकदार होतो. इंग्लंड-अमेरिकेत देऊळ, पुरोहित आणि मंडळ यांची सोय बहुधा असते. चीनच्या राज्यव्यवस्थेने मात्र ज्या पाच धर्मांना मान्यता दिली आहे त्यांत बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट हे येतात, हिंदू धर्म येत नाही. त्यामुळे तिथे या कुटुंबांचा जो काही धर्म आहे तो घराच्या चार भिंतींत, आई-बापांच्या तुटपुंज्या आठवणींवर चालतो. या प्रश्नाचा विचार जुन्नर आणि आंबेगाव या पुणे जिल्ह्याच्या दोन तालुक्यांच्या आधाराने करणे विशेष फलदायी ठरते, कारण भूमीला घट्ट बांधलेला कुलाचार आणि परक्यांनी येथे येऊन केलेला धर्म या दोहोंचे पुरावे या एकाच टापूत मिळतात.

संस्कार या शब्दाने शास्त्रात गर्भाधानापासून अंत्येष्टीपर्यंतचे विधी अभिप्रेत असतात. पण या भागातील शेतकरी, कारागीर आणि आदिवासी घरांमध्ये मुलाला कुळात सामावून घेणारे विधी मुख्यतः लोकाचाराचे आहेत. पाचवी-सटवाईच्या पूजेपासून त्यांचा आरंभ होतो, मग बारसे, उष्टावण आणि जावळ येते. जावळ म्हणजे बाळाचे पहिले केस उतरवणे. ते मामाच्या मांडीवर बसवून आणि शक्यतो कुलदैवताच्या ठाण्यावर, म्हणजे एखाद्या घराच्या बाबतीत वडज किंवा धामणखेलच्या खंडोबापाशी, काढले जाते. या एका विधीला मामा लागतो, देव लागतो, गाव लागतो. यांपैकी काहीच जवळ नसताना चौदाव्या मजल्यावरील घरात आईने विजेच्या यंत्राने उतरवलेले केस हे जावळ ठरते की नुसती हजामत, अशी शंका तिच्या मनात येत असेल तर ती क्षुल्लक मानता येणार नाही.

शास्त्राकडे पाहिले तर ही शंका अधिकच बळावते. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवासाची गणना पतन घडवणाऱ्या कर्मांत केली आहे, आणि उत्तरकालीन निबंधकारांनी, म्हणजे जुन्या वचनांची विषयवार जुळणी करून निर्णय देणाऱ्या ग्रंथकारांनी, समुद्रयात्रेला कलिवर्ज्यांत, कलियुगात टाळावयाच्या आचारांत, बसवले. हा निषेध आज फारसे कोणी पाळत नाही, म्हणून तो बाजूला ठेवता येतो. त्याहून खोल आक्षेप विष्णुपुराणाच्या भूगोलातून येतो. हिमालयाच्या दक्षिणेचा आणि समुद्राच्या उत्तरेचा देश तो भारतवर्ष, तीच कर्मभूमी, आणि इतर वर्षे केवळ भोगभूमी, म्हणजे केलेल्या कर्माची फळे उपभोगण्याच्या जागा, असे तेथे सांगितले आहे. पूजेच्या आरंभी उच्चारला जाणारा संकल्पही देशकालाचा निर्देश करून जंबुद्वीप, भारतवर्ष, दंडकारण्य आणि गोदावरीचा दक्षिण तीर असा क्रमाक्रमाने जवळ येत जातो. जुन्नरच्या घरात बसलेल्या यजमानाला तो तंतोतंत लागू पडतो. शांघायमध्ये मात्र त्यातील जंबुद्वीप तेवढे शिल्लक राहते, कारण पुराणांच्या दृष्टीने हिमालयापलीकडचा प्रदेश जंबुद्वीपात मोडत असला तरी भारतवर्षाबाहेरचा आहे. विष्णुपुराणाचे हे वचन अक्षरशः घेतले तर तिथे वाढणाऱ्या मुलाच्या हातून पुण्य घडणेच शक्य नाही, असा निष्कर्ष निघतो. तो चुकीचा आहे, हे येथे दाखवावयाचे आहे. मात्र पुराणवचनाची टिंगल करून नव्हे, तर परंपरेनेच दिलेल्या दाखल्यांवरून.

पहिला दाखला रोजच्या व्रतांचा आहे. ओझरचा विघ्नहर आणि लेण्याद्रीचा गिरिजात्मज हे अष्टविनायकांपैकी दोन गणपती जुन्नर तालुक्यात असल्यामुळे संकष्टी चतुर्थीचा उपवास येथील घरांत अगत्याने धरला जातो. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातील बारा अंशांच्या अंतराची एक पायरी, आणि ती सर्व जगात एकाच क्षणी सुरू होते. परंतु संकष्टीला धर्मसिंधूसारखा ग्रंथ चंद्रोदयाच्या वेळी असलेली चतुर्थी ग्राह्य धरतो, आणि चंद्र तर जागोजागी वेगवेगळ्या वेळी उगवतो. जुन्नर सुमारे ७४ पूर्व रेखांशावर आहे आणि शांघाय सुमारे १२१ रेखांशावर, त्यामुळे तिथला चंद्र इथल्यापेक्षा सुमारे तीन तास आधी वर येतो. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरची आजी अजून उपाशी असते तेव्हा शांघायमधील नात मोदक खाऊन झोपलेली असते, आणि क्वचित दोघींची संकष्टी वेगळ्या वारी येते. अशा वेळी गावचे कॅलेंडर पाहून उपवास धरणाऱ्या कुटुंबाची निष्ठा समजण्याजोगी आहे. पण शास्त्र त्यांच्याकडून ते मागत नाही. व्रत करणारा जिथे उभा आहे तिथल्या आकाशाकडे त्याने पाहावे, एवढेच ते सांगते. ज्या परंपरेने परदेशातील चंद्रोदय प्रमाण मानला, तिने परदेशातील उपवास निष्फळ मानला असेल हे संभवत नाही.

दुसरा दाखला देवघरातला. खंडोबा, भवानी आणि घराण्यातील वीर यांच्या प्रतिमा चांदीच्या किंवा तांब्याच्या छोट्या पत्र्यावर ठोकून उठवलेल्या असतात, त्यांना टाक म्हणतात. भाऊ वेगळे झाले की नव्या चुलीसाठी नवे टाक घडवले जातात, आणि अधूनमधून ते जेजुरीसारख्या मूळ ठाण्याला नेऊन देवाला भेटवून आणले जातात. म्हणजे कुलदैवत एका ठाण्याशी बांधलेले असले तरी घराबरोबर चालू लागण्याची सोय कुलाचारानेच करून ठेवलेली आहे. ही सोय कोणा आधुनिक सुधारकाने शोधलेली नाही, ती मेंढपाळांची, शिपाईगड्यांची आणि पोटासाठी घाट उतरणाऱ्या कुळांची आहे.

मात्र मुख्य पुरावा जुन्नरच्या डोंगरांत आहे. मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्री आणि तुळजा येथील बौद्ध लेण्यांत ब्राह्मी लिपीतील जे दानलेख आहेत त्यांपैकी तीन यवनांचे आहेत. यवन हा शब्द आधी ग्रीकांना आणि पुढे पश्चिमेकडून आलेल्या परक्यांना सरसकट लावला जाई. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या सुमारास, नाणेघाटाच्या वाटेने कोकणातील बंदरांचा माल घाटावर चढत होता त्या काळात, इरिल नावाच्या यवनाने येथे पाण्याची दोन टाकी खोदवली, चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिला, आणि चंद नावाच्या यवनाने लेण्याच्या दर्शनी भागाचे दान केले. या दानाला प्राकृतात देयधम म्हणतात, म्हणजे धर्मबुद्धीने दिलेली वस्तू. लेख अगदी आखूड आहेत, चार-सहा शब्दांच्या पलीकडे जात नाहीत; पण त्यांत दात्याने आपले यवनपण लपवलेले नाही, आणि ते लिहिण्यासाठी भाषा मात्र इथली घेतली आहे. इरिल हे नाव सरळ परके वाटते, तर चंद हे एखाद्या इथल्या घरातलेच वाटावे असे आहे. या माणसांनी दिले काय, तर पिण्याचे पाणी आणि जेवायला बसण्याची जागा. आपण जिथे राहतो तिथल्या माणसांची तहानभूक ही आपली जबाबदारी आहे, इतके साधे तत्त्व त्यामागे आहे, आणि त्या तत्त्वाच्या बळावर जन्माने परका असलेला माणूस या भूमीच्या धर्मात भागीदार झाला.

संस्कार राहून गेल्याच्या शंकेलाही उत्तर इथेच मिळते. जुन्नर तालुक्यात आळे येथे, ज्या रेड्याच्या मुखातून ज्ञानेश्वरांनी वेद वदवले असे परंपरा सांगते, त्याची समाधी आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई या चार भावंडांना संन्याशाची मुले म्हणून मुंज नाकारली गेली होती, हे येथे विसरता येत नाही. विधिपूर्वक संस्कार न झालेल्या मुलांकडूनच महाराष्ट्राने पुढे धर्म शिकून घेतला.

तरीही यवनांच्या दानाने आक्षेपाचे अर्धेच उत्तर मिळते, हे मान्य करावे लागेल. कारण ते परके असले तरी कर्मभूमीत आलेले होते. उलट दिशेने, म्हणजे इथून बाहेर गेलेल्यांच्या बाबतीत काय घडले, हे पाहिल्याशिवाय युक्तिवाद पुरा होत नाही. प्राचीन काळातील उदाहरण कुमारजीवाचे आहे. त्याचा पिता कुमारायण भारतीय होता, माता जीवा ही मध्य आशियातील कुचा राज्याची राजकन्या, आणि मुलाचे नाव दोघांच्या नावांतून घडले. नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन ही माता शिक्षणासाठी काश्मीरला आली, आणि तोच मुलगा पुढे पाचव्या शतकाच्या आरंभी चीनमधील छांगआन येथे बसून बौद्ध ग्रंथांची चिनी भाषांतरे करू लागला. ती भाषांतरे पूर्व आशियात आजही पठणात आहेत.

अर्वाचीन उदाहरण मराठी वाचकाच्या अधिक जवळचे आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. वडिलांच्या मृत्यूची वार्ता कळूनही कोटणीस परतले नाहीत. चिनी भाषा शिकून त्यांनी जपानविरुद्धच्या युद्धात आघाडीवरील जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, आणि १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्याच वर्षी परिचर्या शिकवणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये झालेल्या मुलाचे नाव यिनहुआ ठेवण्यात आले. त्यात भारत आणि चीन दोन्ही आहेत. मूल चार महिन्यांचेही झाले नव्हते तेव्हा, ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कोटणीसांचे निधन झाले. त्या बाळाचे जावळ कोणत्याच ठाण्यावर निघाले नसणार, त्याला मराठीचे बोल लावायला बाप उरला नव्हता. तरीही त्याने वैद्यकाचा अभ्यास धरला, आणि तो पुरा होण्याआधीच १९६७ मध्ये तो वारला. या कुटुंबाचे दुःख तत्त्वचर्चेत विरघळवून टाकणे योग्य होणार नाही. पण कोटणीसांनी त्या मातीत जे केले ते भोगभूमीतले निष्फळ कर्म होते, असे म्हणण्याचे धाडस कोणता धर्मशास्त्री करील? श-च्याच्वांग येथील हुतात्मा स्मारकात त्यांच्या समाधीपुढे आजही चिनी माणसे फुले वाहतात. ज्या भूमीत कर्तव्य अंगावर येऊन पडते आणि माणूस ते पार पाडतो, ती त्याच्यापुरती कर्मभूमी होते. विष्णुपुराणाच्या वचनाचा हाच अर्थ धर्माला शोभणारा आहे.

यातून चीनमध्ये मुले वाढवणाऱ्या कुटुंबाच्या दिनक्रमासाठी काय निघते? धर्म म्हणजे परक्या वाऱ्यापासून जपून ठेवावयाची वस्तू, अशी समजूत धरून मुलाला शेजारापासून तोडणे ही मोठी चूक ठरते. चीनमध्ये बाळंतिणीला महिनाभर घराबाहेर पडू देत नाहीत आणि गरम-पातळ खाऊ घालतात. सव्वा महिन्याचे बाळंतपण पाळणाऱ्या घराला त्यात अनोळखी काही नाही. एप्रिलच्या आरंभी, चिंगमिंगच्या सणाला, चिनी कुटुंबे पूर्वजांची थडगी झाडून-पुसून तेथे नैवेद्य मांडतात, आणि पितृपक्ष पाळणाऱ्या घरातील मुलाने शेजाऱ्यांबरोबर त्या दिवशी हातात झाडू घेतला तर त्याला आपला कुलधर्म अधिक नीट कळेल. त्यांचा मध्य-शरद उत्सव आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला येतो. २०२५ मध्ये तो आणि आपली कोजागिरी ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी आली होती. मूल देणारी म्हणून जिच्यापुढे चिनी स्त्रिया उदबत्ती लावतात ती ग्वानयिन म्हणजे अवलोकितेश्वर, ज्याच्या मूर्ती कान्हेरी आणि वेरूळ येथे कोरलेल्या आहेत. तिच्यापुढे मराठी मुलाने हात जोडावेत की नाही, ही चिंता अनाठायी आहे. लेण्याद्रीचा गिरिजात्मज, ज्याच्या बालपणाची कथा भाविक सांगतात, तो स्वतः एका बौद्ध विहारात बसलेला आहे.

मुलाच्या जिभेवर मराठी टिकणे, देवघरात रोज दिवा लागणे आणि तो लावताना मुलाचा हात त्यात असणे, हे आवश्यकच आहे. त्याविषयी सूट घेण्यासाठी वरील विवेचनाचा आधार कोणी घेऊ नये. चिट यवनाने भोजनमंडप दिला तेव्हा आपण कोण हे तो विसरला नव्हता, म्हणूनच त्याच्या दानाला नाव आहे.

राहिला प्रश्न गावाकडच्यांचा. चिनी शाळांची उन्हाळी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये येते, त्यामुळे चैत्र-वैशाखातील जुन्नर-आंबेगावच्या यात्रा या मुलांच्या वाट्याला येत नाहीत. त्यांना मिळतो तो आषाढ आणि श्रावण, भाताच्या लावणीचे आणि भीमाशंकरच्या सोमवारांचे दिवस. त्या दिवसांत आलेल्या नातवंडाला आरती येते का, सण पाठ आहेत का, याची परीक्षा आजी-आजोबांनी घेऊ नये. त्याला भातखाचरात उतरवावे, देवाला वाहायची फुले तोडायला लावावीत, पंगतीत वाढायला उभे करावे, आणि जावळ राहून गेले असेल तर मामाला बोलावून एक बट खंडोबापुढे उतरवावी. उशीर झाला म्हणून देव ती नाकारीत नाही.