पुनरागमनाची प्रतीक्षा आणि आचार

ज्याचे आगमन निश्चित मानले, परंतु ज्याची वेळ सांगितलेली नाही, त्याची वाट कशी पाहावी? आद्य ख्रिस्ती मंडळींपुढे हा प्रश्न केवळ तर्काचा नव्हता, नित्य आचाराचा होता. येशू ख्रिस्त लवकरच पुन्हा येईल, मृत उठतील, न्याय होईल आणि जगाचा हा क्रम संपेल, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती. त्यांच्या प्रार्थनेत ‘मारानाथा’ हा आरामी उद्गार असे. ‘आमच्या प्रभो, ये’ असा त्याचा अर्थ होय.

इ. स. ५० च्या सुमारास पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीस पत्र लिहिले. तेथील काही श्रद्धावंत मरण पावले होते. प्रभू येण्यापूर्वीच जे गेले ते त्या भेटीला अंतरले काय, ही मागे राहिलेल्यांची व्यथा होती. पौलाने समाधान केले की, आधी मृत उठतील आणि मग जिवंतांसह सर्वांनाच ती भेट घडेल. तो दिवस मात्र रात्री येणाऱ्या चोरासारखा अवचित येईल, म्हणून सावध असावे. त्याच मंडळीस उद्देशून असलेल्या दुसऱ्या पत्रात, तो दिवस आलाच आहे या वार्तेने गोंधळू नये असे बजावले आहे, आणि उद्योग सोडून रिकामे फिरणाऱ्यांस स्वकष्टाचे अन्न खाण्याची आज्ञा केली आहे.

येथे आशंका उद्भवते. पहिली पिढी सरली, इ. स. ७० मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले, तरी पुनरागमन झाले नाही. मग ते वचन मिथ्या म्हणावे काय? पेत्राच्या नावे असलेल्या दुसऱ्या पत्रात या आक्षेपाचे उत्तर आहे. ईश्वराचे कालमान मनुष्याच्या मापाने मोजू नये. ज्यास विलंब म्हणतात तो पश्चात्तापासाठी दिलेला अवकाश होय.

सर्वांनाच हे समाधान पुरले नाही. हिप्पोलिटस या आचार्याने तिसऱ्या शतकाच्या आरंभी दानीएलाच्या ग्रंथावर भाष्य लिहिले. त्यात दोन घटना नमूद आहेत. सिरियातील एका मंडळीप्रमुखाने पुष्कळ अनुयायांस, बायकामुलांसह, ख्रिस्ताच्या भेटीसाठी अरण्यात नेले. तेथे ते रानोमाळ भटकले आणि दरोडेखोर समजून मारले जाण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. पोंतस प्रांतातील दुसऱ्या प्रमुखाने स्वप्नांच्या आधारे वर्षभरात न्यायाचा दिवस येईल असे सांगितले. तसे न घडल्यास शास्त्रावरही विश्वास ठेवू नका, असेही तो म्हणाला. लोकांनी शेती ओस टाकली, बहुतेकांनी मालमत्ता विकली. वर्ष संपले, काहीच घडले नाही. प्रमुख लज्जित झाला. परंतु ज्यांनी सर्वस्व विकले होते त्यांच्यावर भीक मागण्याची पाळी आली.

तो प्रमुख लबाड नव्हता. हिप्पोलिटसच्या मते तो भाविक व नम्र होता. मग दोष कोणता? जे ज्ञान आपणास दिलेले नाही ते आपणाजवळ आहे असे त्याने मानले, आणि स्वतःच्या स्वप्नासाठी शास्त्रास जामीन ठेवले. ऋण त्याचे, फेडावे लागले ते अनुयायांस. मार्काच्या शुभवर्तमानात तर तो दिवस व ती घटका पुत्रासही ज्ञात नाही असे म्हटले आहे. जे पुत्राने आपल्याकडे घेतले नाही, ते शिष्याने कोणत्या अधिकाराने घ्यावे?

पुढे पाचव्या शतकात ऑगस्टीनने ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथात, प्रकटीकरणातील सहस्र वर्षे म्हणजे भावी ऐहिक राज्य नव्हे, तर चालू असलेला मंडळीचा काळच होय, असा अर्थ लावला. पूर्वी तोही सहस्रवर्षांच्या राज्याचे मत मानीत असे, हे त्याने तेथेच मान्य केले आहे. पुनरागमनावरील त्याची श्रद्धा मात्र ढळली नाही. गणनेचा आग्रह तेवढा त्याने सोडला.

यावरून असे दिसते की, वेळेचे अज्ञान हे त्या श्रद्धेतील उणेपण नव्हते, ते तिचे रक्षण होते. तिथी ठरली की त्या तिथीपुरताच आचार उरतो, आणि ती टळली की आचारासह श्रद्धाही जाते. तिथी अज्ञात असली तर प्रत्येक दिवस सारख्याच योग्यतेचा होतो. अशा प्रतीक्षेत शेत नांगरावे लागते, भुकेल्यास अन्न द्यावे लागते आणि मृतांविषयीची आशाही जतन करावी लागते. स्वामी केव्हा येईल हे सेवकास ठाऊक नसते. तो येईल तेव्हा आपण कोणत्या कामात असावे, एवढे मात्र त्याच्या स्वाधीन असते.