पंख नव्हे, अंग बघा

श्रावण सरत आला की रत्नागिरीच्या सड्यांवर आणि परसांत फुलपाखरांची ये-जा वाढते. मग मोबाइल निघतात, फोटो पडतात, नावांची शोधाशोध सुरू होते. शोधताना आपण पंख बघतो. बघणारच, सगळा थाट तिथेच असतो. फसगतही तिथेच होते.

कढीलिंबाभोवती घुटमळणारं काळं फुलपाखरू घ्या. मागच्या पंखांवर पांढरा डाग, कडेला लालसर ठिपके, दोन शेपट्या. पुस्तक म्हणतं, कॉमन रोझ. आता त्याचं अंग बघा. अंग लाल असेल तर ते रोझच. काळं असेल तर ती कॉमन मॉरमॉनची, म्हणजे आपल्या ‘बहुरूपी’ची मादी. रोझची अळी सापसंदाच्या वेलीवर वाढते, त्या वेलीतलं विष अंगात साठवते आणि ते फुलपाखरातही उतरतं. एकदा तोंड कडू झालेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. बहुरूपीपाशी विष नाही, नुसतं सोंग आहे. तेही एक नाही: एक मादी रोझसारखी, दुसरी क्रिमसन रोझसारखी, तिसरी चक्क आपल्याच नरासारखी. एका आईच्या लेकीही वेगवेगळ्या रूपांच्या निघतात! या साऱ्या एकाच जातीच्या माद्या आहेत, हे आल्फ्रेड वॉलेसने 1865 मध्ये मांडलं. आणि हे सगळं सोंग ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकावर उभं आहे, हे 2014 मध्ये कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. नर-मादीतले फरक घडवणारं जनुक ते हेच.

इतकी तयारी करून अंग मात्र काळंच राहिलं. पक्षीही आपल्यासारखाच पंखांवर भुलत असावा.

अंगावरूनही उलगडा झाला नाही तर झाडाला विचारावं. बहुरूपी अंडी घालते ती कढीलिंबावर, लिंबावर. रोझ तिथे अंडं घालणार नाही.

टाकळ्यावर भिरभिरणाऱ्या पिवळ्या फुलपाखरांपुढे मात्र या दोन्ही युक्त्या लंगड्या पडतात. तिथे ते पंख मिटून बसेपर्यंत थांबायचं आणि पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, बुडाजवळच्या घरात, बारीक खुणा मोजायच्या. दोन असतील तर बहुधा कॉमन ग्रास यलो, तीन असतील तर थ्री-स्पॉट. पावसाळा सरला की खुणांचं रूप बदलतं आणि जाणकारही सबुरीने बोलू लागतात. पश्चिम आणि मध्य आशियातल्या डोंगरांत तर काही निळी फुलपाखरं पंखांवरून ओळखूच येत नाहीत, त्यांची गुणसूत्रं मोजावी लागतात. त्यामानाने आपलं बरं चाललंय म्हणायचं.

तेव्हा एक करा. उघड्या पंखांचा फोटो काढालच. त्याच्या जोडीला मिटलेल्या पंखांचा, अंगाचा आणि फुलपाखरू अंडं घालत होतं त्या झाडाचाही काढा. कढीलिंबाच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं, तर कीड म्हणून फवारा मारू नका. ती बहुरूपीची लहान अळी असू शकते. आणि एवढं करूनही नाव ठरलं नाही, तर अंदाजाने ठोकून देण्यापेक्षा ‘ओळख पटली नाही’ असं सरळ लिहा.