तांबडा दिवा आणि लहान वाहन

कायदा ओलांडणाऱ्याला कायद्यानेच वाट करून द्यावी, हे ऐकायला विपरीत वाटते खरे; पण अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने २००२ साली तसे केले. तिकडे पुष्कळ चौकांतले दिवे वाहनांच्या चाहुलीवर बदलतात. डांबराखाली तारेचे वेटोळे पुरलेले असते. वर मोटार येऊन उभी राहिली की तिच्या धातूमुळे त्या तारेतल्या विजेच्या गुणात फरक पडतो आणि यंत्राला कळते, कोणी आले आहे. मोटारसायकलचा ऐवज तो केवढा! कित्येकदा ती वेटोळ्याला जाणवतच नाही. मध्यरात्री चारी रस्ते मोकळे, आणि तांबडा दिवा आपला तांबडाच. बिचाऱ्याने करावे काय?

मिनेसोटाचा कायदा त्याला सरसकट मोकळे सोडत नाही. खटला झाला तर आपण पूर्ण थांबलो होतो, वाजवीपेक्षा जास्त थांबलो होतो आणि ओलांडायच्या रस्त्यावरून कोणी येत नव्हते, हे त्यानेच सिद्ध करायचे. व्हर्जिनियाने १२० सेकंद किंवा दिव्याचे दोन फेरे, यांतले जे आधी संपेल ते, असे माप ठरविले. विस्कॉन्सिनने ४५ सेकंद. शेवटच्या बाकावरच्या ठेंगण्या मुलाने किती वेळ हात वर धरावा आणि मग न विचारता बोलावे, याचे माप आम्हां मास्तरांच्या कोणत्याच नियमात नाही!

पण त्या निर्जन चौकात सेकंद मोजणार कोण? ज्याला जायची घाई आहे तोच.

आमच्या हिंगोलीकडे हा प्रश्न उलटा होऊन येतो. पूर्णा-अकोला लोहमार्गावर फाटक पडले की ट्रक, एस. टी., बैलगाडी निमूट उभ्या राहतात. मोटारसायकलवाला मात्र गाडी तिरपी करतो, मान लववतो आणि दांड्याखालून पलीकडे जातो. तिकडे लहान म्हणून यंत्राला तो दिसत नाही. इकडे लहान म्हणून तो यंत्राला चुकवतो. विचारले तर दोघेही एकच उत्तर देतील, "रस्ता मोकळा होता." यंत्र चुकल्याचे एकाला वाईट वाटते, दुसऱ्याला ते चुकले नाही याचेच वाईट वाटते, पण हा फरक कोणत्या पोलिसाला दिसावा? आणि आपल्याकडचे बहुतेक दिवे घड्याळाच्या ठोक्यावर चालतात. तेव्हा 'मी त्याला दिसलोच नाही' ही सबबही आपल्याला सहसा मिळायची नाही.

तरीही माणसावर विसंबण्याची रीत आपल्या कायद्याला अगदीच परकी नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १३१ वे कलम बिनपहाऱ्याच्या रेल्वे फाटकासाठी आहे. ब्रॉडगेजवरची तसली फाटके २०१९ च्या आरंभी संपली, पण कलम वाचण्यासारखे आहे. चालकाने गाडी थांबवावी. सोबत्याने रुळांपर्यंत चालत जाऊन दोन्ही बाजूंनी गाडी येत नाही याची खात्री करावी आणि मग वाहन पलीकडे न्यावे. सोबत कोणी नसेल तर चालकाने स्वतः खाली उतरून पाहावे.