सल्ला ताट बघून द्यावा

आहारात तंतुमय पदार्थ वाढवा, हा सल्ला ज्याच्या कानावर आलेला नाही असा शिकलेला माणूस शोधून सापडायचा नाही. डेनिस बर्किट या आयरिश शल्यचिकित्सकाने युगांडातल्या अनुभवावरून १९७०च्या दशकात हा विषय लावून धरला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये आकडाही सांगितला : मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम. मधुमेह, हृदयविकार, मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचा धोका त्याने घटतो, यावर आता फारसा वाद नाही. अडचण एवढीच, की ग्रॅम मोजून कोणी जेवायला बसत नाही.

सरसकट सल्ल्याला समोरचं ताट दिसत नाही. सिंधुदुर्गात दोन्ही वेळा भात जेवणाऱ्याला ‘ज्वारी खा’ म्हणणं सोपं आहे. शंभर ग्रॅम सडीक तांदळात तंतू जेमतेम ३ ग्रॅम, ज्वारीत १०, हिशेब बरोबरच. पण तो माणूस भात सोडणार नाही, आणि त्याने सोडावा तरी का? त्याला सांगायचं ते भाताशेजारच्या वाटीबद्दल. कुळथाची पिठी करताना कुळीथ भाजून, भरडून त्याचं साल पाखडून टाकतात. पिठीऐवजी अधूनमधून सालासकट उसळ केली तर बराच फरक पडेल. सोलापूरकडच्या भाकरी खाणाऱ्याला मात्र धान्यावर व्याख्यान नकोच. त्याचा मुलगा नोकरीसाठी पुण्यात येऊन सकाळी वडापाव आणि रात्री नूडल्स खातो, सल्ल्याची गरज त्याला आहे. त्यालाही ओट्स आणि चिया सांगण्यापेक्षा मूठभर फुटाणे नि एखादा पेरू सांगितला तर ते त्याच्या पगारात बसतं. (चियाचं बी आमच्याकडच्या सब्जासारखंच दिसतं, पण महाग असल्यामुळे त्याला मान जास्त.)

वैयक्तिक सल्ला म्हटलं की हल्ली लाळेची नळी आणि जनुकांचा अहवाल डोळ्यांपुढे येतो. युरोपातल्या सात देशांत सोळाशेहून अधिक प्रौढांवर ‘फूड४मी’ नावाचा सहा महिन्यांचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. ज्यांना स्वतःपुरता सल्ला मिळाला त्यांचा आहार, सरसकट सल्ला मिळालेल्यांपेक्षा जास्त सुधारला. पण केवळ रोजचं खाणं विचारून दिलेला सल्ला आणि त्यात रक्ताच्या, जनुकांच्या तपासण्यांची भर घालून दिलेला सल्ला, यांच्या परिणामात फरक पडला नाही. म्हणजे उपयोग झाला तो ‘तुम्ही काय खाता?’ या प्रश्नाचा, आणि तो विचारायला प्रयोगशाळा लागत नाही.

पोटाची चौकशी मात्र करावी लागते. एरवी कडधान्य न खाणाऱ्याने एकदम वाटीभर मटकी खाल्ली तर पोट फुगतं आणि उसळ कायमची बंद होते. हळूहळू वाढवणं, पाणी पुरेसं पिणं, हे ज्याला त्याला वेगळ्या मापाने सांगायचं असतं. आतड्याचा जुना विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

याहून मोठा प्रश्न सहसा कोणी काढत नाही. आपल्याकडे तक्ता मिळतो एकाला आणि राबतं दुसरंच कोणी. साहेबांना ‘रोज भाकरी’ लिहून दिली की ज्वारी निवडणं, वरचेवर दळून आणणं, पिठाची विरी गेली तर तुटणारी भाकरी सांभाळत थापणं, हे सगळं बायकोच्या नाही तर आईच्या वाट्याला येतं. शिवाय मुलांना पोळी हवी असतेच. दोन आठवड्यांत भाकरी बंद पडते आणि दोष साहेबांच्या जिभेला दिला जातो. मला तर हा दोष सल्ल्याचाच वाटतो. त्याच घरात कणीक बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकत असतील, तर ते थांबवायला कोणालाच जास्तीचं काम पडत नाही. उलट एक काम वाचतं.

तेव्हा आहारतज्ज्ञांना एकच विनंती. वजनकाट्यावर उभं करण्याआधी ‘घरी स्वयंपाक कोण करतं?’ असं विचारा; आणि उत्तरात दुसऱ्या कोणाचं नाव आलं, तर पुढच्या वेळी त्यांनाही बोलावून घ्या.