दैवाचा नंबर पाचवा

१८ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ माणसे गेली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती, बिघाड होऊन ताबा सुटला, असे नौदलाने सांगितले. लाँचला परवाना ८४ प्रवाशांचा होता. तिच्यात शंभराहून अधिक माणसे होती. कोणाची जबाबदारी किती, ते न्यायालयाने ठरवायचे. मात्र अशा अपघातातून वाचलेला माणूस कागदपत्रे जमवू लागला की आप्तेष्ट हमखास सांगतात, ‘जीव वाचला हीच देवाची कृपा. नशिबात होते ते झाले, आता कोर्टकचेरी कशाला?’ हे बोलणे मायेपोटी येते, पण ते धर्माला धरून नाही असे माझे ठाम मत आहे. माणसांच्या हातून घडलेली गोष्ट तपास न करता दैवाच्या नावावर टाकणे म्हणजे दैवाविरुद्ध खोटी साक्ष देणे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि दैव. भाष्यकार अधिष्ठानाचा अर्थ देह असा करतात. कर्म जिथे घडते ती जागा, एवढाच अर्थ घेतला तरी माझे काम भागते. लाँच आणि तिच्याभोवतालचा समुद्र हे अधिष्ठान, सुकाणू धरणारा कर्ता, इंजिन हे करण, आणि वेग, वळण, परवान्यापलीकडे माणसे घेणे या चेष्टा. दैव नाकारलेले नाही, पण ते पाचवे आहे, आणि आपण पहिली चार ओलांडून थेट त्याच्याकडे जातो. याज्ञवल्क्यस्मृतीतही हाच क्रम आहे. तिथे लेख, भुक्ती म्हणजे वहिवाट, आणि साक्षीदार ही प्रमाणे आधी येतात. यांपैकी एकही नसेल तेव्हाच दिव्य, म्हणजे दैवी परीक्षा, करायचे. आपण मात्र हा क्रम उलटवतो. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेहून अधिक जीव गेले. ते दिवस गटारी अमावास्येचे होते, हे कोकणातल्या घराघरांत लक्षात राहिले. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते आणि त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ताच लागला नाही, हे मात्र त्या मानाने फार थोड्यांना ठाऊक असते.

पुरावा म्हणजे तरी काय? भिजून चिकटलेले तिकीट, शेजारच्या प्रवाशाचा फोन नंबर, पोलिसांचा पंचनामा, लाँचचे सर्वेक्षण प्रमाणपत्र. मोबाइलवरचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत आला की त्याची मूळ वेळ आणि स्पष्टता हरवते. म्हणून ज्याने तो काढला त्याच्या फोनमधली मूळ फाइल जपायची. सगळ्यांत नाजूक कागद इस्पितळातला केसपेपर. गडबडीत त्यावर नुसते ‘पाण्यात पडून इजा’ असे लिहिले गेले, तर धडकेचा उल्लेखच पुसला जातो आणि पुढे मोडलेल्या खांद्याचा संबंध टक्करीशी जोडताना वर्षे जातात. साक्षीदाराबद्दल वात्स्यायनाचे न्यायभाष्य फार उदार आहे. ज्याने गोष्ट जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. या कसोटीवर खलाशाचा शब्द अधिकाऱ्याच्या शब्दापेक्षा हलका ठरत नाही.

यावर कर्मवादी म्हणेल, जखम हे प्रारब्धच, लाँचवाला निमित्तमात्र. मान्य केले तरी, मी त्याच दिवशी त्याच लाँचमध्ये का चढलो, एवढ्याच प्रश्नाला प्रारब्ध उत्तर देते. माणसे कोंबणे हे कोंबणाऱ्याचे क्रियमाण, म्हणजे आत्ता केलेले, कर्म आहे आणि त्याचा हिशेब त्याच्याच खात्यावर पडतो. पीडिताच्या प्रारब्धाने करणारा सुटत असता, तर चोरालाही शिक्षा करता आली नसती. दुसरा आक्षेप क्षमेचा, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. पण कोणी काय केले हे कळल्याशिवाय क्षमा कोणाला करणार? शिवाय मी माझ्या जखमेची क्षमा करू शकतो, उद्या त्याच लाँचमध्ये बसणाऱ्या अनोळखी मुलाच्या वतीने नाही. ‘नीलकमल’नंतर गेटवेच्या प्रवाशांना लाइफ जॅकेट सक्तीचे झाले, ते त्या दिवशीच्या मृत्यूंना नशीब म्हणून सोडून दिले नाही म्हणून.

लोभाचा आक्षेप उरतो, आणि तो पुष्कळदा खराही असतो. वाचलेला माणूस बुडीत मजुरी आणि फिजिओथेरपीचा खर्च मागतो तेव्हा त्यात लोभ नाही. दुखणे फुगवून सांगतो तेव्हा आहे. म्हणून पुरावा जमवण्याचे व्रत दावेदारालाही बांधते. खलाशाने जॅकेट पुढे केले होते आणि उकडते म्हणून आपणच ते बाजूला ठेवले, असे घडले असेल तर जबाबात तेही यायला हवे. त्या एका वाक्याने भरपाई घटू शकते, आणि घटली तर ती घटलेलीच न्याय्य.