दोष कोणाचा?

चार-पांच दिवस उभ्या ठेवलेल्या मोटारीची बॅटरी निर्जीव आढळली, म्हणजे मालक प्रथम बॅटरीलाच नांवें ठेवतो. जी कोसळली तीच अपराधी, हा निवाडा सोयीचा खरा. पण तो न्याय आहे काय?

१८५९ सालीं गास्तों प्लांते यानें शिशाची, पुन्हां भरतां येणारी बॅटरी सिद्ध केली, तेव्हांपासून तिचा धर्म एकच: सांठविलेलें, मागेल त्याला देणें. कोण मागतो, हें ती विचारीत नाहीं. सामानाच्या कप्प्यांतील ५ वॅटचा दिवा झांकणाआड जळत राहिला, तर सुमारें ०.४ अँपिअर प्रवाह अखंड वाहतो. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी पांच दिवसांच्या आंत रिती होते.

म्हणून जाणता कारागीर आधीं बॅटरी निराळी तपासतो. ती निर्दोष ठरल्यावर ऋण तारेच्या मार्गांत अँपिअरमापक जोडतो, आणि अर्धा तास स्वस्थ बसतो. हें थांबणें मला फार मोलाचें वाटतें. आधुनिक मोटारींतील यंत्रणा गाडी बंद केल्यावरहि कांहीं वेळ जाग्या असतात; तेवढ्यावरून त्यांना चोर ठरविणें अन्यायाचें होय. मग एकेक फ्यूज काढावयाचा. ज्याच्या निघण्यानें आंकडा उतरतो, त्या वाटेवर शोध.

मात्र आजच्या गाडींत आंकडा शून्यावर येत नाहीं. घड्याळ, चोरघंटा यांचा ५० मिलिअँपिअरांपर्यंतचा खर्च रास्त मानतात. तोहि महिनाभर चालला, तर ३६ अँपिअर-तास गेलेच. गाडी महिनोन्महिने उभी ठेवणारा मालक या चौकशींत फिर्यादी म्हणून हजर असतो. मला वाटतें, त्याची जागा बदलावयास हवी.